सगळा बँड एकदम चुकला तेव्हा

बँडच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं की हल्ली मी रक्तदाबाची गोळी खिशात टाकूनच घराबाहेर पडतो. बायको म्हणते, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दोन तास खुर्चीत बसायचं, शाल-नारळ घ्यायचा आणि घरी यायचं." तिला काय सांगणार? पूर्वी मी स्पर्धेतून परत यायचो ते धुना गुणगुणत. आता येतो ते डोक्याला हात लावून. आणि याला कारण वाजवणारी माणसं नाहीत. वाजवणाऱ्यांच्या समोर काठी घेऊन जे उभे राहतात, ते आहेत.

आधी माझी ओळख करून देतो. मी मूळचा कॉर्नेटवाला, म्हणजे ते आखूड, तीन कळांचं पितळी वाद्य तोंडानं फुंकणारा. तरुणपणी केज भागात वरातींच्या पुढे वाजवलं, पुढे एका शिक्षणसंस्थेच्या शाळांमधून पोरांना बँड शिकवला. म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात. बँडच्या समोर उभ्या राहणाऱ्याला आमच्याकडे साधं 'मास्तर' म्हणायची पद्धत होती. आता त्याचा 'कंडक्टर' झालाय. वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा 'वाद्यवृंद संचालक' येतं. नाव वाढत गेलं तसं काम कमी होत गेलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाहेरची माणसं मला नेहमी एकच विचारतात. "गुरुजी, तो माणूस तर काहीच वाजवत नाही. नुसती काठी हलवतो. मग त्याला मार्क कशाचे देता?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं असं असतं की बँडमध्ये वीस-बावीस माणसं वाजवत असतात. प्रत्येकाला ऐकू येतं ते स्वतःचं आणि फार तर शेजारच्याचं. ढोलाशेजारी उभा असलेल्याला तेसुद्धा नाही. सगळ्यांचं मिळून काय चाललंय हे जिथं नीट ऐकू येतं अशी जागा एकच, बँडच्या समोरची. म्हणून तिथं एक माणूस उभा करतात. तो लोकांना दाखवण्यासाठी नसतो. त्याचे हात बघून टाळ्या वाजवणारे लोक खरं म्हणजे चुकीच्या अवयवाला टाळ्या देत असतात. मास्तरचा अवयव कान.

म्हणून मी स्पर्धेत मास्तरकडे बघतच नाही. वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांकडे बघतो. कठीण जागा जवळ आली की ते मास्तरकडे बघतात की आभाळाकडे, यावरून मला निम्मं कळतं.

आता मला बसलेले धक्के ऐका.

दिंद्रुडला गणपतीतली स्पर्धा होती. एक कंडक्टर आले. पांढरे हातमोजे, काळा गॉगल, खांद्यावर सोनेरी झुबके. बँडनं सलामी दिली आणि हे गृहस्थ वळून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं नमस्कार करतील आणि फिरतील. फिरलेच नाहीत. पूर्ण धून त्यांनी आमच्याकडे बघून चालवली. मागं क्लॅरिनेटवाल्याची तोंडाजवळची फुंकायची पत्ती तडकली, तो दुसरी शोधायला खाली वाकून खिसे चाचपायला लागला, दोन सॅक्सोफोनवाले एक ओळ पुढे निघून गेले, आणि साहेबांचे हात आपले हवेत गोलगोल फिरतायत, डोळे मिटलेले. नंतर त्यांना गाठून विचारलं, "अहो, बँडकडे तोंड का नाही केलं?"

"व्हिडिओ चालू होता की, गुरुजी. चेहरा नको यायला?"

"आणि बँड?"

"त्यांचं ते वाजवतेत."

मी पाणी प्यायलो.

लिंबागणेशला त्याहून मोठा धक्का बसला. तिथं एक भलामोठा बँड आला होता, एकाच रंगाचे फेटे, वाद्यं आरशासारखी घासलेली. वाजवायला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकं साफ, इतकं एकसारखं! मी मनात म्हटलं, अजून चांगली माणसं शिल्लक आहेत. कंडक्टरला जवळजवळ पैकीच्या पैकी देऊन बसलो होतो, आणि लाइट गेली. लाइट गेली आणि बँड बंद पडला. तोंडाला वाद्यं तशीच, गाल फुगलेले, बोटं चाललेली, आणि आवाज नाही. एक ढोलवाला तेवढा खराखुरा होता. तो बिचारा एकटाच धाड धाड करत राहिला. ब्रास बँडला वीज लागते हे मला वयाच्या साठीनंतर त्या दिवशी कळलं. बाकी सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं, स्पीकरवर लावलेलं होतं. कंडक्टर हात जोडून माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, लाइट आल्यावर अजून एक चान्स द्या." म्हणजे त्या माणसाला यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

असे अनुभव यायला लागल्यावर मी एक युक्ती काढली. स्पर्धेआधी बँडमधल्या एखाद्या वाजवणाऱ्याला हळूच बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, अमुक ओळीत अमुक ठिकाणी मुद्दाम चुकीचा सूर लाव. याला मी खडा टाकणं म्हणतो. ज्याला कान आहे त्या मास्तरला तो खडा लागतोच. जुने मास्तर तर जागच्या जागी अशी नजर टाकायचे की वाजवणाऱ्याचा ओठ थरथरायचा. आताच्यांना खडा टाकला की तो गिळून पुढे जातात. एकाला मी नंतर त्याची चूक दाखवली, तर म्हणाला, "सर, ते फ्यूजन होतं."

तरीसुद्धा या सगळ्यांनी मिळून दिलेले धक्के एका पारड्यात टाकले आणि युसूफ वडगावच्या पलीकडच्या एका साखर कारखान्यात मला बसलेला धक्का दुसऱ्या पारड्यात टाकला, तर दुसरंच खाली जाईल. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्याच्या आवारात मी जे ऐकलं, तसं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुष्काळाचे दिवस होते. उभा ऊस वाळून गेला होता, जो थोडा हिरवा होता तो छावणीतल्या जनावरांपुढे पडला होता. कारखाना सहकारी. गाळप बंद, धुराडं थंड. उसाच्या गाड्या जिथं रांगेत उभ्या राहायच्या त्या आवारात आता चारा छावणी होती आणि गाड्यांच्या जागी दावणीला गुरं. टँकर आला की कामगारांच्या कॉलनीतल्या बायका हंडे घेऊन धावायच्या. भोंगा वाजत नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या गावांना वेळ कळेनाशी झाली होती.

या कारखान्याचा स्वतःचा बँड होता. फिटर, तेलवाले, वजनकाट्यावरचे, गोदामातले असे कामगारच वाजवायचे. बॉयलर पेटवायच्या पूजेला, उसाची पहिली मोळी टाकताना, झेंडावंदनाला हा बँड हवाच. मास्तर होते भानुदास. टर्बाइनवरचे फिटर. उंच, किडकिडीत, मोठमोठ्यानं बोलणारा माणूस. आयुष्य टर्बाइनजवळ काढलेली सगळीच माणसं तशी बोलतात, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नसे.

चेअरमनसाहेबांनी गाडी पाठवून मला बोलावून घेतलं. म्हणाले, "गुरुजी, सभेत लोकं ओरडायलेत, दुष्काळात बँड कशाला म्हणून. पण मी बँड बंद केला तर उद्या हेच म्हणतेल, कारखाना बुडाला. भोंगा बंद हाय, आता बँड पण बंद करू का? बँड ठिवणार. पण चांगला ठिवणार."

झालं होतं असं की कारखान्याच्या संचालक मंडळानं शहरातून एक नवीन कंडक्टर आणला होता. प्रणव नाव, संगीताची पदविका घेतलेला, तिशीच्या आतला. कारखान्याला दोन मास्तर परवडत नव्हते. टर्बाइनच बंद, म्हणजे भानुदासांना फिटरचं कामही उरलं नव्हतं. बँड हाच त्यांचा कारखान्यातला पाय. तो निसटला की कॉलनीतलं घर सोडायचं आणि गावाकडे जायचं, जिथल्या विहिरीत तेव्हा पोहरा कोरड्या तळाला आपटल्याचा आवाज येत होता.

"तुमी दोघांची परीक्षा घ्या," चेअरमनसाहेब म्हणाले. "तुमी म्हणाल तो राहील. दुसरा घरी."

मी खडा टाकायचं ठरवलं. दोघांना एकच बँड, एकच धून, एकच खडा. न्याय सारखा हवा.

धून भूप रागाच्या वळणाची, सगळ्यांना येणारी. ज्यांना रागदारी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की भूपात मध्यम हा सूर मुळीच नसतो. तो आला की भातात खडा दाताखाली यावा तसं होतं. कॉर्नेटवाल्यांमध्ये विठ्ठल म्हणून काट्यावरचा माणूस होता. त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं, दुसऱ्या ओळीच्या शेवटी गंधाराच्या जागी मध्यम लाव.

"दोघांच्या टायमाला?" त्यानं विचारलं.

"दोघांच्या."

विठ्ठलचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, बिचाऱ्याला मास्तरांपुढे चुकायची लाज वाटतेय. पुढे जे समजलं त्याची मला काय कल्पना!

पहिला प्रणव. त्या वेळी भानुदासांना मी ऑफिसात चहाला पाठवलं होतं. प्रणवबद्दल खरं तेच सांगतो, पोरगा वाईट नव्हता. गॉगल नाही, हातमोजे नाहीत, तोंड बँडकडे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी विठ्ठलनं मध्यम लावला आणि प्रणवनं तिथल्या तिथं हात वर करून बँड थांबवला. "कॉर्नेट, एक स्वर बघा," म्हणाला. नेमका माणूस त्याला सांगता आला नाही, पण खडा लागला. हल्लीच्या काळात हेच पुष्कळ होतं. मी खूश झालो.

मग पाणी प्यायला सगळे टँकरकडे गेले. तिथं ढोलवाल्या गफूरभाईंच्या भोवती बँडवाल्यांचं टोळकं जमलेलं मी बघितलं. बोलणं तोंडानं कमी, हातवाऱ्यांनी जास्त. ऊस पिळायच्या गिरणीच्या आवाजात काम करणारे लोक एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलतात, ती सवय इथं सगळ्यांनाच होती. मी दुर्लक्ष केलं.

भानुदास आले. काठी हातात घेतली, सगळ्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, आणि हात उचलला. पहिल्या दोन मात्रांतच मला कळलं की हा खरा मास्तर आहे. हात खांद्याच्या वर जात नव्हता. बँडमधला एकही डोळा दुसरीकडे नव्हता. मागं गुरं हंबरतायत, टँकरचं इंजिन चालू आहे, आणि बावीस माणसं त्या एका हाताला बांधल्यासारखी. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. दुसरी ओळ आली. शेवट जवळ आला. मी विठ्ठलकडे कान लावला.

आणि मध्यम आला. विठ्ठलच्या कॉर्नेटमधून आला, त्याच्या शेजारच्या कॉर्नेटमधून आला, क्लॅरिनेटमधून आला, सॅक्सोफोनमधून आला, मागच्या मोठ्या पितळी कर्ण्यातून सुद्धा आला. सगळा बँड एकदम, ठासून, भूपात मध्यम वाजवून पुढे गेला!

मला आधी वाटलं माझेच कान गेले. मग वाटलं ऊन लागलं. अहो, इतकी वर्षं मी बँड ऐकतोय. बँड चुकतो तेव्हा फुटतो, एक इकडे जातो, दुसरा तिकडे जातो. एवढी सगळी माणसं एकाच जागी, एकाच मात्रेवर, एकच चूक करतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि भानुदास? त्यांचा हात एक क्षणभर, पापणी लवावी इतकाच, अडखळला. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग त्यांनी ताल तसाच पुढे नेला. थांबवलं नाही. कुणाकडे डोळे वटारले नाहीत. धून संपली आणि सगळा बँड माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी डॉक्टर आहे आणि ऑपरेशन करून आत्ताच बाहेर आलोय.

मी उठलो आणि तडक गफूरभाईंना गाठलं. पांढरी दाढी, डोक्याला फेटा, गळ्यात ढोल, जुने गिरणीतले तेलवाले. "हे काय वाजवलंत तुम्ही?" मी ओरडलोच.

"गुरुजी, आवाज बारीक करा," ते म्हणाले. "मास्तरला शून्य देऊ नका. त्यांची काय गलती न्हाई. हे आमी केलं."

"पण का?"

गफूरभाईंनी इकडेतिकडे बघितलं. "मास्तरला ऐकू येत न्हाई."

मी वळून भानुदासांकडे बघितलं.

"टर्बाइननं खाल्ले कान. लई दिवस झाले. आधी बारीक आवाज गेला, मग सगळाच गेला. एकजण चुकला तर त्यांला धरता येणार न्हाई, हे आमाला माहीत. विठ्ठलनं येऊन सांगितलं, गुरुजी असं असं करायलेत. मग आमी म्हणलं, सगळेच तसं वाजवू. एक चुकला तर चूक. सगळे चुकले तर तुमाला वाटल, मास्तरनं चालच तशी बसवली."

"अहो गफूरभाई, पण मला भूप कळतो ना!"

दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, "तेवढं आमच्या ध्यानात आलं न्हाई बघा."

हसावं की रडावं ते मला कळेना. मी विचारलं, "मग इतके दिवस बँड चालवला कुणी?"

"चालवला त्यांनीच की! ताल त्यांचा, हात त्यांचा. फक्त सूर आमी बघतो. तालमीत कोण चुकला ते मी ध्यानात ठिवतो. मास्तर घरी गेले की आमी पुन्हा जमतो, चुकलेलं नीट करतो. दुसऱ्या दिवशी मास्तरपुढं साफ."

"म्हणजे रोज दोनदा तालीम?"

"हौ."

"आणि हे सगळं भानुदासांना माहीत आहे?"

गफूरभाई दचकले. "न्हाई, न्हाई! त्यांला वाटतं आमाला पत्ताच न्हाई. त्यांचं ऐकणं गेलंय हे आमाला कळलंय असं त्यांला कळलं, तर त्याच दिवशी काठी ठिवून जातेल. तसला माणूस हाय. गुरुजी, हात जोडतो. पास करा त्यांला."

मी चेअरमनसाहेबांकडे थोडा वेळ मागून घेतला आणि भानुदासांना घेऊन टर्बाइनच्या दालनात गेलो. बाहेर बोलण्यासारखं नव्हतं, त्यांचा आवाज गेटपर्यंत गेला असता. आत सगळं बंद, यंत्रांवर धूळ. दार लावून घेतलं. त्यांच्या समोर उभा राहून मी ओठ नीट हलवत म्हणालो, "मास्तर, मला कळलंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. "गफूरनं सांगितलं?"

मी चाट पडलो. "म्हणजे त्यांना कळलंय, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? माझे कान गेलेत, डोळे न्हाई गेले." त्या रिकाम्या दालनात त्यांचा आवाज घुमत होता. "मी घरी गेल्यावर पुन्हा जमतेत. खिडकीतून दिसतं की मला. आधी राग आलता. मग म्हणलं, दिवसभर काम करून माणसं माझ्यापायी पुन्हा उभी राहतेत, त्यांला काय बोलायचं?"

"मग आजचं?"

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी मध्यम. सगळ्यांनी. बोटं बघितली ना मी." त्यांनी स्वतःची बोटं हवेत कॉर्नेटवर ठेवल्यासारखी धरली आणि गंधाराची जागा दाखवली, मग मध्यमाची. "गंधाराला ही बोटं. ह्यांची एकदम अशी झाली. मला वाटलं, हात वर करून थांबवावं."

ज्यांचे दोन्ही कान धडधाकट आहेत असे कितीतरी कंडक्टर माझा खडा गिळून गेले होते. आणि या माणसानं तो नुसत्या डोळ्यांनी उचलला होता.

"मग थांबवलं का नाहीत?" मी विचारलं. "पास झाला असता!"

"कावून थांबवू, गुरुजी? थांबवलं असतं तर त्यांला कळलं असतं, मला सगळं दिसतंय. मग आजपत्तोर त्यांनी जे लपवलं, ते मला माहीत होतं हे पण कळलं असतं. त्या माणसांनी माझ्या तोंडाकडे कसं बघायचं? मी त्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं? मला नापास करा. पण माझ्या लोकांला हे सांगू नका."

मी परीक्षक म्हणून नेहमी एकच तपासलं होतं, मास्तर बँडचं ऐकतो की नाही. बँड आपल्या मास्तरसाठी काय करायला तयार आहे, हे तपासावं असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी मला माझ्याच परीक्षेचा भरवसा वाटेना. पण एक मनाशी पक्कं झालं, हा मास्तर इथून जाता कामा नये.

बाहेर आलो. चेअरमनसाहेब, चार-पाच संचालक खुर्च्यांवर, समोर बँड उभा, बाजूला प्रणव. छावणीतली माणसंही बघायला जमली होती.

मी म्हणालो, "साहेब, भानुदासांना ठेवा."

"कारण?"

"कारण तुम्हाला एकट्याला सांगतो."

चेअरमनसाहेब हसले. संचालकांकडे, लोकांकडे बघत म्हणाले, "एकट्यात काय न्हाई, गुरुजी. सहकार हाय हा. जे असंल ते सगळ्यांपुढं सांगा. ह्या नव्या पोरानं चूक धरली, मी बघितली. मास्तरनं बँड थांबवला न्हाई, हे पण बघितलं. मग मास्तर कावून?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. बावीस माणसं कान टवकारून ते ऐकायला समोर उभी होती.

चेअरमनसाहेबांनी खुर्ची वळवली आणि थेट भानुदासांना विचारलं, "मास्तर, तुमीच सांगा. बँडची चूक तुमाला कळली होती का न्हाई?"

भानुदासांनी त्यांचे ओठ वाचले. मग बँडकडे बघितलं. गफूरभाईंची टिपरू धरलेली मूठ आवळलेली होती. विठ्ठल खाली मान घालून उभा. "हो" म्हटलं की घर राहणार होतं, पाणी राहणार होतं, काठी राहणार होती.

"न्हाई, साहेब," भानुदास मोठ्यानं म्हणाले. "मला काय कळली न्हाई."

मी पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा तळवा खाली दाबला. बँडला आवाज उतरवायला सांगताना मास्तर करतो, तसा. मी मागे सरलो.

"मग झालं तर," चेअरमनसाहेब म्हणाले. "प्रणव, घ्या काठी. वाजवा एकदा नव्या हातानं. लोकांला ऐकू द्या."

प्रणवचा चेहरा उतरला होता. तरी तो पुढे झाला. भानुदासांनी स्वतःच्या हातानं त्याला काठी दिली, त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पाठ एकदम ताठ, हात मांडीवर.

तीच धून सुरू झाली. बँडवाल्यांचे डोळे प्रणवकडे कमी आणि आमच्या खुर्च्यांकडे जास्त होते. पहिली ओळ गेली. दुसरी आली. शेवटी गंधार लागला, स्वच्छ, जागच्या जागी. तिथं धुनेत एक श्वासभर विसावा आहे. त्या विसाव्यात भानुदास माझ्या कानाशी वाकले. आपण कुजबुजतोय अशी त्यांची समजूत होती.

"आता बरोबर लावला बघा गंधार!" त्यांचा आवाज आवारभर घुमला. "मघाशी माझ्यापायी सगळ्यांनी मध्यम घातलता. मी बोटं बघितली, पण मुद्दामच थांबवलं न्हाई!"

पुढची ओळ सुरूच झाली नाही. विठ्ठलनं कॉर्नेट ओठापासून काढलं. मग एकेक वाद्य खाली आलं. प्रणवचा हात तसाच वर राहिला. गफूरभाईंनी ढोलावर टिपरू मारायला उचललं होतं, ते हळूच खाली घेतलं आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. चेअरमनसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. सगळा बँड भानुदासांकडे बघत होता.

भानुदासांना दिसली ती फक्त थांबलेली बोटं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या रांगा बघितल्या, काळजीनं कपाळाला आठी घातली, आणि माझा दंड धरून त्याच मोठ्या आवाजात विचारलं,

"कावून थांबले ओ हे?"